अंथरूण-पांघरुणाची खरेदी: गादीपासून पडद्यापर्यंत, क्रमाने

झोपायच्या खोलीची खरेदी बहुतेक वेळा रंगापासून सुरू होते. एखादी चादर डोळ्यांत भरते, तिला शोभणारे पडदे येतात, मग चार-सहा कुशन येतात आणि उरलेल्या पैशांत उशी बसवली जाते. प्रत्यक्षात उशीवर रोज सात-आठ तास मान टेकायची असते, आणि कुशन मात्र झोपताना उचलून बाजूलाच ठेवायचे असतात. म्हणून या लेखातला क्रम मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे: अंगाला लागणाऱ्या वस्तू आधी, नजरेला दिसणाऱ्या नंतर. मी माझी खोली याच क्रमाने लावली. नीट मापाचं, चांगल्या कापडाचं अंथरूण मुळातच देखणं दिसतं, त्यामुळे सजावटीचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. पहिल्यांदाच स्वतःची खोली लावणाऱ्यांना दुकानात किंवा ऑनलाइन शेकडो पर्याय बघून गोंधळायला होतं. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहीत आहे.

निघण्याआधी जवळ ठेवा

- शिवणकामाची मऊ मोजपट्टी आणि मापं लिहिलेला कागद. मापं इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्ही लिहा.
- एक स्वच्छ पांढरा रुमाल. रंग जातो का, हे पाहायला लागतो.
- खोलीचे दोन फोटो: एक दिवसाच्या उजेडातला, एक रात्री दिवे लावून काढलेला.
- गादीचं वॉरंटी कार्ड. डाग पडलेल्या गादीची वॉरंटी अनेकदा धरली जात नाही, ती अट त्यात वाचून घ्या.
- घरच्या वॉशिंग मशीनची क्षमता किती किलोची आहे, याची नोंद. मशीनमध्ये मावत नाही अशी जाड रजई घेतलीत, तर दर धुण्याला ती बाहेर पाठवावी लागेल.

१. आधी मापं, मग दुकान

पलंग मोजू नका, गादी मोजा. लांबी, रुंदी आणि जाडी, तिन्ही. जाडी कडेला मोजा आणि वर टॉपर, म्हणजे गादीवर पसरायचा पातळ मऊ थर, टाकणार असाल तर त्याचीही त्यात धरा.

‘किंग’, ‘क्वीन’, ‘डबल’ या नावांवर विसंबू नका. ब्रिटनमधली किंग गादी १५० × २०० सेंटिमीटरची असते. अमेरिकेतली किंग ७६ × ८० इंच, म्हणजे सुमारे १९३ × २०३ सेंटिमीटरची. नाव एकच, पण रुंदीत ४० सेंटिमीटरहून जास्त फरक! ऑनलाइन खरेदीत पाकिटावर नाव एका देशाचं आणि गादी दुसऱ्या देशाच्या मापाची, असं सहज होतं. नाव सोडा, आकडे जुळवा.

साध्या, इलास्टिक नसलेल्या चादरीचा हिशोब असा करा:

- रुंदी = गादीची रुंदी + जाडी दोनदा + खाली खोचायला दोन्ही बाजूंना ६-६ इंच
- लांबी = गादीची लांबी + जाडी दोनदा + उशाकडे आणि पायथ्याकडे ६-६ इंच

समजा, गादी ६० × ७८ इंच आणि ८ इंच जाड आहे. रुंदी ६० + १६ + १२ = ८८, लांबी ७८ + १६ + १२ = १०६. म्हणजे ९० × १०८ इंचांची चादर नेमकी बसेल. आता तीच गादी १० इंच जाड आणि वर २ इंचांचा टॉपर असं धरा. लागणारं माप ९६ × ११४ होतं आणि ९० × १०८ ची चादर रात्रीतून एका कोपऱ्यातून निघून येते. हल्लीच्या गाद्या जाड आहेत, चादरींची मापं मात्र बऱ्याच ठिकाणी जुनीच चालत आली आहेत. सकाळी चादर गोळा होऊन पडत असेल तर कारण बहुधा हेच असतं.

त्यात आटण्याचा हिशोब मिळवा. आधीच आटवून न घेतलेलं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत ३ ते ५ टक्के आटू शकतं. १०८ इंचांवर ४ टक्के म्हणजे चार इंचांहून थोडं जास्त. दोन्ही टोकांना खोचायच्या ६-६ इंचांतले दोन-दोन असे गेले तर हाती काय राहतं, ते बघा. पाकिटावर ‘प्री-श्रंक’ किंवा ‘सॅन्फोराइज्ड’ लिहिलेलं असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

इलास्टिकच्या चादरीत (फिटेड शीट) लांबी-रुंदी गादीएवढीच हवी, पण खोली, म्हणजे ‘पॉकेट डेप्थ’, गादीच्या जाडीपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर जास्त असू द्या. इलास्टिक फक्त चार कोपऱ्यांना आहे की चारी बाजूंनी फिरवलेलं आहे, हे उलटून बघा. चारी बाजूंचं घ्या. कोपऱ्यांपुरत्या इलास्टिकची चादर जाड गादीवर टिकून राहत नाही.

२. गादी आणि चादर यांच्यामधला थर

हा थर दिसत नाही म्हणून यादीतून पहिला वगळला जातो. वगळू नका. फोमची गादी धुता येत नाही आणि घाम, तेल, सांडलेलं पाणी सगळं तिच्यातच मुरतं. धुता येणारा प्रोटेक्टर तिला वाचवतो.

घेताना एकच गोष्ट तपासा: जलरोधक असेल तर आतला पापुद्रा कशाचा आहे? पॉलियुरेथेनचा पातळ थर आवाज करत नाही आणि बाष्प काही प्रमाणात जाऊ देतो. पीव्हीसीचा प्रोटेक्टर कुस बदलली की करकरतो आणि अंगाखाली गरम होतो. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर हातात घेऊन चुरगाळून पाहा, आवाजावरून कळतं. घरात कुणाला धुळीची ॲलर्जी असेल तर नुसता वरून घालायचा प्रोटेक्टर पुरेसा नाही. गादीला सहा बाजूंनी झाकणारी चेनची खोळ घ्या, तशीच उशांनाही घ्या. धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट्स, गादी-उशीत घर करतात. घट्ट विणीच्या खोळीमुळे त्यांचे ॲलर्जी निर्माण करणारे कण बाहेर येत नाहीत.

टॉपर गादी कडक वाटत असेल तरच घ्या. मधोमध खड्डा पडलेल्या गादीवर तो टाकलात तर तोही त्याच खड्ड्यात बसेल.

३. उशी: तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?

उशीचं काम मान आणि गादी यांच्यामधली पोकळी भरण्याचं आहे. ती पोकळी किती, हे झोपायच्या सवयीवर ठरतं.

- कुशीवर झोपणाऱ्यांना उंच आणि जरा घट्ट उशी हवी, साधारण १० ते १५ सेंटिमीटरची. खांदा जितका रुंद, तितकी उशी उंच.
- उताणं झोपणाऱ्यांना मध्यम, साधारण ८ ते १२ सेंटिमीटरची.
- पालथं झोपणाऱ्यांना अगदी पातळ, किंवा चक्क काहीच नाही.

गादी मऊ असेल तर खांदा आत रुततो आणि उशी थोडी कमी उंचीची लागते. म्हणूनच दुकानातल्या कडक बाकावर आडवं होऊन पाहिलेली उशी घरी आल्यावर वेगळी वाटते. जोडीदाराची झोपायची सवय वेगळी असेल तर जोडीच्या दोन सारख्या उशा घेण्याचा हट्ट सोडा. अभ्रे एकसारखे घाला, उशा दोघांच्या मानेप्रमाणे घ्या.

भरणाबद्दल थोडक्यात. पॉलिएस्टर तंतू हलका आणि मशीनमध्ये धुता येणारा असतो, पण काही काळाने त्याचे गोळे होतात. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होऊन मानेचा आकार घेतो. तो थंडीत कडक वाटतो आणि काहींना त्यावर गरम होतं. तो पाण्यात बुडवून धुवायचा नसतो. लॅटेक्स लगेच उसळून वर येतो आणि बराच टिकतो. सावरीचा कापूस अगदी हलका, कारण त्याचे तंतू आतून पोकळ असतात. तो धुण्यापेक्षा उन्हात टाकावा. साधा कापूस दबून घट्ट होतो, पण पिंजून पुन्हा भरता येतो, हा त्याचा मोठा गुण.

जुनी उशी ठेवायची की टाकायची, हे पाहायला ती मधोमध दुमडा आणि हात सोडा. पॉलिएस्टरची किंवा पिसांची उशी स्वतःहून उलगडली नाही तर तिचं आयुष्य संपलं.

एक महत्त्वाची सूचना: एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी उशी, सैल पांघरूण, मऊ कडांचे लोड यांपैकी काहीही ठेवू नका. श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला लागते फक्त घट्ट बसणारी चादर आणि सपाट, टणक गादी. बाळाच्या नावाने विकले जाणारे गोंडस संच कितीही आवडले तरी हा नियम मोडू नका.

४. कापड: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं आणि ही उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. चादर ती उष्णता आणि घाम जाऊ देते की अडवते, यावर रात्रीचा आराम ठरतो. त्यामुळे कापड निवडताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: धागा कशाचा आहे आणि वीण कोणती आहे? विक्रेते हे दोन्ही मिसळून सांगतात. ‘सॅटीनची चादर’ म्हटलं की ती सुती सॅटीन आहे की पॉलिएस्टरची, हे कळत नाही, आणि दोन्हींच्या स्पर्शात आणि झोपेत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

*धागा.* सुती कापड घाम शोषतं, धुवायला सोपं आणि धुता धुता मऊ होत जातं. पहिल्या खरेदीसाठी मी तरी सुतीच सुचवेन. सुतीमध्येही लांब तंतूचा कापूस चांगला, कारण लांब तंतूची टोकं कमी बाहेर येतात. त्यामुळे कापडावर लव उठत नाही आणि गोळेही कमी येतात. ‘इजिप्शियन’, ‘पिमा’ ही नावं अशा लांब तंतूच्या कापसाची आहेत. मात्र मिश्रणात त्याचा अंश थोडासाच असला तरी नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असू शकतं, म्हणून ‘१०० टक्के’ हे शब्द शोधा.

लिनन जवसाच्या झाडाच्या खोडातल्या तंतूपासून बनतं. ते ओलावा भरभर शोषतं, लवकर वाळतं, गरम हवेत फार सुखाचं वाटतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. सुरुवातीला खरखरीत लागतं आणि त्याच्या चुण्या कधीच पूर्ण जात नाहीत. चुण्या नकोशा वाटत असतील तर लिननच्या वाटेला जाऊ नका. इस्त्री करून थकून जाल.

‘बांबू’ लिहिलेल्या चादरी बहुतेक वेळा व्हिस्कोस असतात, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून पुन्हा तयार केलेला तंतू. तो मऊ, झुळझुळीत आणि थंड लागतो, पण ओला असताना कमजोर असतो, जोराने धुतलेला त्याला सोसत नाही. लायोसेल त्याच कुळातला, ओल्या अवस्थेत अधिक मजबूत. तो बनवताना वापरलेलं द्रावक जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात.

मायक्रोफायबर म्हणजे अतिशय बारीक पॉलिएस्टर. स्वस्त, चुण्या न पडणारं आणि झटपट वाळणारं. पण घाम शोषत नाही. ज्यांना रात्री उकडतं त्यांनी टाळावं. पाहुण्यांच्या खोलीत, क्वचित वापरासाठी, चालून जातं.

*वीण.* पर्केल ही साधी वीण: एक धागा वर, एक खाली. कापड कोरं, करकरीत, हवेशीर. नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा तो स्पर्श असतो. सॅटीन विणीत धागा चारांवरून जाऊन एकाखालून निघतो. पृष्ठभागावर लांब धागे मोकळे राहतात, म्हणून चमक आणि गुळगुळीतपणा येतो. तेच मोकळे धागे अडकतात, ओढले जातात आणि कापड थोडं उबदारही लागतं. गरम हवा, घाम फार, तर पर्केल. गार खोली, अंगावर झुळझुळीत कापड आवडतं, तर सॅटीन. थंडीसाठी फ्लॅनेल असतं. त्यात विणलेलं कापड घासून लव उठवलेली असते, त्यामुळे धाग्यांची संख्या मोजण्यात अर्थ नसतो. त्याचं वजन पाहतात, दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते, म्हणजे जीएसएम.

*थ्रेड काउंट.* याच्याइतका गोंधळ दुसऱ्या कुठल्या आकड्याने घातलेला नाही. एका चौरस इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज म्हणजे थ्रेड काउंट. चांगल्या, एकेरी धाग्याच्या सुती चादरीला २०० ते ४०० हा आकडा अगदी पुरेसा आहे. एका चौरस इंचात धागे मावायला मर्यादा असते. मग ८००, १००० हे आकडे येतात कुठून? दोन-तीन-चार बारीक पदर पिळून एक धागा करतात आणि मोजताना प्रत्येक पदर वेगळा धरतात. चार पदरी २५० धाग्यांच्या चादरीवर अशा मोजणीने १००० छापता येतं. ती चादर जड आणि कोंदट निघू शकते, कारण पदर जोडायचे तर ते कमी प्रतीच्या आखूड तंतूंचेही चालतात. विक्रेत्याला थेट विचारा: ‘सिंगल प्लाय, म्हणजे एकपदरी, आहे का?’ उत्तर देता येत नसेल तर आकड्याला किंमत देऊ नका.

*हाताने आणि डोळ्यांनी परीक्षा.* चादरीचा एक पदर उजेडासमोर धरा. धागे एकसारखे दिसले पाहिजेत, मधेच विरळ पट्टे नकोत. मुठीत पाच-दहा सेकंद चुरगाळून सोडा. सुती कापडाला चुणी पडणारच, पण एकही चुणी पडली नाही तर त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं आहे किंवा वर रसायनाचा थर आहे. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर कोपऱ्यात घासा. रुमाल रंगला तर ती चादर उशीचे अभ्रे आणि रात्रीचे कपडेही रंगवेल. छापील नक्षी बोटांना वेगळी, कडक लागत असेल तर ती रंगद्रव्य वरून चिकटवलेली छपाई आहे. ती हळूहळू भेगाळते आणि फिकी पडते. रिॲक्टिव्ह डाय सुती तंतूशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून छापलेला भाग आणि कोरा भाग स्पर्शाला सारखाच राहतो. शिवण उलटून पाहा: टाके बारीक आणि सरळ हवेत, कडेला सुटे दोरे नकोत.

*लेबल.* ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ म्हणजे तयार कापडात ठरावीक घातक रसायनं मर्यादेबाहेर नाहीत, एवढं तपासलेलं आहे. कापूस सेंद्रिय आहे, असा त्याचा अर्थ नाही. सेंद्रियतेसाठी ‘गॉट्स’ हे प्रमाणपत्र पाहा: ‘ऑरगॅनिक’ असं लेबल लावायला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतो, आणि ‘ऑरगॅनिक वापरून बनवलेलं’ म्हणायला किमान ७० टक्के. दोन्हींवर क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक नसलेलं नुसतं हिरव्या पानाचं चित्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

५. पांघरूण: एक जाड की दोन पातळ?

माझं मत स्पष्ट आहे: दोन पातळ. हलकी दुलई आणि एक ब्लँकेट असं घेतलं की ऋतूप्रमाणे एक किंवा दोन्ही घेता येतात, आणि मशीनमध्ये मावतात. एकच भारी रजई घेतली तर वर्षातले बरेच महिने ती कपाटाची जागा अडवून बसते.

रजईच्या उबेसाठी काही देशांत ‘टॉग’ हे एकक छापतात. १ ते ४.५ टॉग हलकी, १३.५ टॉग कडक थंडीची. पिसांच्या रजईवर ‘फिल पॉवर’ लिहिलेलं असतं, म्हणजे एक औंस पिसं किती घनइंच जागा व्यापतात तो आकडा. जास्त फिल पॉवर म्हणजे तेवढीच ऊब कमी वजनात. पिसं नको असतील तर सूक्ष्म तंतूंचं कृत्रिम भरण धुवायला सोयीचं. कशाचीही घ्या, शिवण मात्र चौकटीची हवी. नुसत्या उभ्या रेघांची शिवण असली तर भरण एका टोकाला घसरतं आणि पायांवर नुसतं कापड राहतं.

दोघांपैकी एकाला उकडत असेल आणि दुसऱ्याला थंडी वाजत असेल तर दोन स्वतंत्र एकेरी पांघरुणं घ्या. दिवसा वरून एक मोठा पलंगपोस टाकला की बिछाना एकसंध दिसतो.

रजईची खोळ वेगळी असेल तर आतल्या कोपऱ्यांना बांधायच्या नाड्या आहेत का, ते पाहा. खोळ रजईएवढीच किंवा किंचित लहान घ्या, म्हणजे भरलेली आणि गुबगुबीत दिसते. ती घालायची सोपी रीत:

- खोळ उलटी करून पलंगावर पसरा, तोंड पायथ्याकडे.
- तिच्यावर रजई पसरा आणि उशाकडचे दोन्ही कोपरे नाड्यांनी बांधा.
- उशाकडून दोन्ही एकत्र गुंडाळत पायथ्यापर्यंत या.
- खोळीचं तोंड गुंडाळीच्या दोन्ही टोकांवरून उलटून घ्या आणि बटणं लावा.
- आता गुंडाळी उलगडत उशाकडे न्या. खोळ सरळ बाजूने घातली गेलेली असते.

६. रंग: आता

मोठ्या पृष्ठभागांवर शांत रंग आणि लहान वस्तूंवर गडद, हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. भिंत, पडदे, चादर हे मोठे पृष्ठभाग. अभ्रे, कुशन, पायथ्याशी टाकायचा पट्टा हे लहान. लहान वस्तू वर्षभरात बदलाव्याशा वाटल्या तरी जड जात नाही.

तीन रंगांच्या वर जाऊ नका, पण एकाच रंगाच्या दोन-तीन छटा जरूर मिसळा. सगळं तंतोतंत जुळणारं, एकाच संचातलं घेतलं की खोली हॉटेलसारखी दिसते. पोत वेगवेगळे ठेवा: गुळगुळीत चादर, खरखरीत विणीचं ब्लँकेट, लिननचा एखादा अभ्रा. रंग कमी आणि पोत जास्त असले की खोली समृद्ध दिसते.

दुकानातला पांढरा दिवा आणि घरातला पिवळसर दिवा यांत एकच कापड दोन रंगांचं दिसू शकतं. शक्य असेल तर अभ्रा आधी घरी आणून दोन्ही उजेडांत पाहा. शुभ्र पांढऱ्याशेजारी मोतिया पांढरा ठेवला तर दुसरा मळका वाटतो. दोन्ही पांढरे वापरायचे असतील तर मध्ये तिसरा रंग येऊ द्या.

७. उजेड, पडदे, गालिचा

छताच्या एकट्या दिव्यावर ही खोली चालवू नका. रात्री तीव्र उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला दाबतो. उशाशी दोन छोटे दिवे घ्या, २७०० केल्विनचे उबदार पिवळसर, आणि त्यांची बटणं झोपूनच हाताशी येतील अशी. टेबललॅम्पच्या छत्रीची खालची कड तुम्ही टेकून बसल्यावर हनुवटीच्या जवळपास यावी. त्यापेक्षा उंच असेल तर बल्ब डोळ्यांत जातो, फार खाली असेल तर पुस्तकावर उजेड पडत नाही. रंग खरे दिसावेत असं वाटत असेल तर बल्बच्या खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का, ते पाहा.

पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीपेक्षा १०-१५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना १५-२० सेंटिमीटर बाहेर घ्या. पडदे उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते आणि खिडकी मोठी दिसते. कापडाची एकूण रुंदी दांड्याच्या दीडपट ते दुप्पट हवी, नाहीतर ओढलेला पडदा चादर टांगल्यासारखा सपाट दिसतो. पहाटेच्या उजेडाने जाग येत असेल तर उजेड अडवणारं अस्तर लावून घ्या. मात्र उजेड कडांतून येतो, म्हणून नुसतं जाड कापड घेऊन भागत नाही, रुंदी हवीच.

गालिचा पलंगाखाली दोन-तृतीयांश जाऊन दोन्ही बाजूंना ४५ ते ६० सेंटिमीटर बाहेर दिसला पाहिजे. एवढा मोठा परवडत नसेल तर मध्ये एक छोटा टाकण्यापेक्षा दोन्ही बाजूंना दोन लांबट पट्ट्या टाका. खाली न घसरणारी जाळी हवीच, अर्ध्या झोपेत पाय घसरतो.

८. कुशन आणि बाकीचं

डबल पलंगाला दोन ते तीन कुशन बस. प्रत्येक कुशनला रात्री ठेवायची जागा लागते, ती आधी ठरवा. खोळ कुशनपेक्षा ३-५ सेंटिमीटर लहान घ्या, कोपरे भरलेले दिसतात. पायथ्याशी एखादी बाकपेटी बसत असेल तर कुशन आणि जास्तीची दुलई दोन्हींची सोय होते.

९. किती संच, कसे धुवायचे, कसे ठेवायचे

प्रत्येक पलंगाला तीन संच: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोन संचांत पावसाळी हवेत वाळण्याची पंचाईत होते आणि तीन संचांत काम वाटलं गेल्यामुळे कापडही जास्त टिकतं. तीन साधे पण चांगले संच एका भारी संचापेक्षा केव्हाही बरे.

वापरण्याआधी एकदा धुवाच. कोऱ्या कापडाला खळ आणि रसायनं असतात, ती गेल्याशिवाय त्याचा खरा स्पर्श कळत नाही. धुण्याआधी पाकीट आणि पावती जपून ठेवा, कारण धुतलेली चादर बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. म्हणून आधी मापाने पसरून पाहा, मग भिजवा. गडद रंग पहिल्या दोन वेळा वेगळे.

चादरी आणि अभ्रे आठवड्याला किंवा फार तर पंधरवड्याला बदला. ॲलर्जी असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, त्या तापमानाला डस्ट माइट्स मरतात. मात्र लेबलवर तशी मुभा आहे का, ते पाहा. रेशीम आणि व्हिस्कोसला एवढं गरम पाणी चालत नाही. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. तो तंतूंवर थर चढवतो आणि कापडाचा शोषण्याचा गुणच कमी करतो. खोळी उलट्या करून, बटणं लावून धुवा, म्हणजे बाकीचे कपडे त्यात जाऊन गोळा होत नाहीत.

सकाळी उठल्याबरोबर बिछाना झाकू नका. पांघरूण मागे सारून अर्धा तास हवा लागू द्या, रात्रीचा ओलावा निघून जातो. दर तीन ते सहा महिन्यांनी गादीचं उशाकडचं टोक पायथ्याकडे फिरवा. उलटायची मात्र ती दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तरच, वरच्या बाजूला वेगळा मऊ थर असलेली गादी उलटायची नसते.

कपाटात ठेवताना चादर आणि बाकीचे अभ्रे त्याच संचाच्या एका अभ्र्यात घालून ठेवा, म्हणजे रात्री उशिरा जोडी शोधत बसावं लागत नाही. प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या टाळा, आत दमटपणा कोंडला की बुरशीचे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. लोकरीचं ब्लँकेट न धुता कधीच ठेवू नका. घाम आणि तेलकटपणा राहिलेल्या लोकरीलाच कसर आधी लागते. धुऊन, पूर्ण वाळवून, सुती पिशवीत ठेवा आणि मधूनमधून बाहेर काढून झटका.